गालांची फुंक, छातीचा दम

११ जानेवारी

ताई,

मायना काय लिहावा यातच माझी सकाळ गेली. तीर्थरूप लिहिलं तर तू हसशील, प्रिय लिहिलं तर मलाच कसंतरी होईल, म्हणून नुसतं ताई. तू आमचे फोन उचलत नाहीस, हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. पत्र वाजत नाही, एवढ्यासाठी पत्र. पत्ता आत्याने दिला. तिला ओरडू नकोस, मी तिच्यामागे भुणभुण लावली होती.

बातमी बाबांची आहे. आधीच सांगून टाकतो, ते घरी आहेत, जेवतात, आईवर ओरडतात. ओरडताना मध्ये थांबावं लागतं, त्यामुळे आई म्हणते, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला उत्तर द्यायला फट मिळाली.

झालं असं. प्रयोगशाळेच्या एका मोठ्या फ्लास्कचा गळा ज्योतीवर ओढता ओढता बाबा थांबले. काच हातात लाल आणि बाबा निळे. काच लोंबली आणि फरशीवर पडली. बाबांच्या हातून काच पडलेली मी जन्मात पाहिली नव्हती, म्हणून मी आधी काचेकडेच बघत राहिलो. काकांनी हाक मारली तेव्हा भानावर आलो.

आपल्या घरात दम लागण्याचं कौतुकच होतं. आजोबांना पन्नाशीत लागायला लागला तेव्हा सगळे म्हणाले, दम लागला म्हणजे कारागीर पिकला. बाबाही हल्ली जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहायचे आणि आम्हाला वाटायचं, पिकले. काकांनी त्याच खोलीत, त्याच काच घासायच्या चक्कीच्या धुळीत जन्म काढला आणि अजून ते शिडीवर चढून पत्रे शाकारतात, तर बाबा म्हणायचे, "त्याने मनापासून फुंकलंच नाही कधी." काका बिचारे खाली मान घालायचे.

आता छातीच्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते लिहितो. मी दोनदा विचारून घेतलं आहे. धूळ, धूर, जंतू आत गेले की फुप्फुसाला सूज येते. (फुप्फुस शब्दकोशात बघून लिहिला आहे.) सूज म्हणजे आपल्याच शरीरातले सफाईवाले कामाला लागलेले असतात. ते घाण साफ करतात, पण त्यांना कुणी आवरलं नाही तर घाणीबरोबर भिंतीही खरवडतात. त्यांना "बास झालं" म्हणणारं एक प्रथिन यकृतात तयार होतं. बाबांच्या रक्तात ते नावापुरतंच आहे, आणि हे जन्मापासूनचं आहे. ते प्रथिन कसं बनवायचं याची कृती प्रत्येकाला दोन प्रतींत मिळते, एक आईकडून, एक वडिलांकडून. बाबांच्या दोन्ही प्रती सदोष आहेत. आजोबांचंही बहुधा तेच असावं.

म्हणजे बाबांकडची सदोष प्रत तुला आणि मला आलेलीच आहे. त्यात "कदाचित" असं काही नाही. आईकडून कोणती आली, यावर सगळं. एक चांगली असेल तर फारसं भ्यायचं कारण नाही. दोन्ही तशाच असतील तर जपावं लागेल, आणि जितक्या लवकर कळेल तितकं चांगलं. तेव्हा ताई, रक्त तपासून घे. तू तिथल्या काचेच्या कारखान्यात दिवसभर ज्योतीपुढे बसतेस. आत्या म्हणते की तू कधीमधी सिगारेटही ओढतेस. मी काही म्हणत नाही. बाबा तर बर्नरवरच पेटवायचे.

माझं सगळं ठीक आहे.

तुझा,
मोजपट्टी
(बाबा अजून मला याच नावाने हाक मारतात.)


२ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही. पत्र मिळालं की नाही कळत नाही, म्हणून पाकिटावर पत्ता या वेळी मोठ्या अक्षरात घातला आहे.

मागच्या पत्रात "माझं सगळं ठीक आहे" असं लिहिलं, तेव्हा दुसऱ्याच दिवशी माझी तपासणी होती. ठीक असेल असं धरून लिहिलं होतं. रक्त दिलं, त्याचा निकाल यायचा आहे. पण फुंकायच्या यंत्राचा निकाल तिथल्या तिथे मिळतो. नाकाला चिमटा लावतात, तोंडात पुठ्ठ्याची नळी देतात, छाती भरून घ्यायची आणि सोडायची. मी सोडली. यंत्रावरच्या माणसाने कागद फाडून बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग माझं वय पुन्हा विचारलं. कागदावरची रेघ बाबांच्या रेघेसारखीच होती, किंचित वर एवढंच.

घरी कुणालाच सांगितलेलं नाही. तुला सांगतो कारण तू लांब आहेस.

दम मला लागत नाही. पण बाबांनाही लागत नव्हता म्हणे, लागेपर्यंत. आता जिना चढताना मी स्वतःवर कान लावून असतो, आणि कान लावला की लागतोच. माझी सगळी हत्यारं साफ करून जागच्या जागी लावली आहेत, कुठल्या जोडाला कोणतं ते चिठ्ठीवर लिहून चिकटवलं आहे. काका म्हणाले, "काय रे, सासरी चाललास का?" बाबा चिठ्ठ्या वाचत उभे राहिले.

एक विचारायचं होतं. टेबलावर दोनच बर्नर आहेत, तिसऱ्याला जागा नाही, असं म्हणून बाबांनी तुला उठवलं आणि मला नववीतून काढून तिथे बसवलं. माझे तीन नळ्यांचे, तिठ्याचे जोड अजून गळतात, तुझे पहिल्या दिवसापासून कधी गळले नाहीत. मला जर उठावं लागलं तर ती जागा रिकामी होईल. तू परत येशील का? आत्ताच सांग असं नाही.

रक्त तपासलंस का?

मोजपट्टी


१४ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर, आणि त्यात एकच ओळ: "गाढवा, गालांनी फुंकलंस ना? छातीने फुंकून ये." पाठीमागे आणखी काही असेल म्हणून उलटून पाहिलं. तिथे पत्ता होता.

तुझं खरं निघालं. आता सविस्तर सांगतो.

मी पुन्हा गेलो. यंत्रावरचा माणूस म्हणाला, "तुमचं झालंय की." मी म्हटलं, "साहेब, मला परत फुंकायचंय. मागच्या वेळी मी काच फुंकली."

त्याला कळेना. मग मी त्याला समजावलं की आमच्या कामात जोरात फुंकणं म्हणजे गुन्हा. रबरी नळी दातात, हवा गालात, आणि कोपऱ्यातून एवढी एवढी सोडायची, काच फुगते का बघत. पहिल्याच दिवशी बाबांनी माझ्या छातीवर तळहात ठेवला होता आणि म्हणाले होते, ही हलली तर उठवीन. तेव्हापासून तोंडात नळी आली की माझी छाती आपोआप गप्प बसते. त्याच्या यंत्राची नळी तोंडात आली, तेव्हाही बसली.

तो हसला, पण वाईट नाही हसला. म्हणाला, "असं करा, ही नळी आहे हे विसरा. कुणावर तरी राग आहे असं समजा." मला पटकन कुणी सुचेना. तो म्हणाला, "बरं, मी ओरडतो." आणि मग तो जो ओरडला! "भरा, भरा, भरा! सोडा! जोरात! अजून! अजून! थांबू नका! अजून! अजून!" माझे डोळे बाहेर आले. दाराबाहेर रांगेत बसलेल्या म्हातारबाबांनीही आपला श्वास सोडून दिला आणि खोकत बसले, त्यांना पाणी द्यावं लागलं. कागद बाहेर आला. रेघ अशी उभी वर गेली की मला वाटलं, दुसऱ्याचीच आली.

डॉक्टरीणबाईंना दाखवला तेव्हा म्हणाल्या की मागे एक बासरीवालाही त्यांच्याकडे असाच रडत आला होता. मी म्हटलं, मी रडलो नाही. त्या म्हणाल्या, बरं.

बाबांचं दुखणं मात्र खरं आहे, ते त्यांनी निराळ्या तपासण्या करून पक्कं केलेलं आहे.

घरी आल्यावर मी सगळं सांगून टाकलं, लपवलेलं सुद्धा. आई आधी रडली आणि मग तिने तुझं कार्ड मागून घेऊन आरशाच्या चौकटीत खोचलं. आता घरात कुणीही आलं की त्याला पहिल्यांदा "गाढवा" वाचायला मिळतं. बाबा केस विंचरताना बराच वेळ आरशासमोर उभे असतात. त्यांना केस किती आहेत तुला माहीत आहे.

तू तुझं काहीच लिहिलं नाहीस.

मोजपट्टी
(गाढव)


९ मार्च

ताई,

माझ्या रक्ताचा निकाल आला. एक प्रत सदोष, एक चांगली. चांगली आईची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सिगारेटला शिवू नका, धुळीत फडकं बांधा, बाकी खुशाल जगा. मी विचारलं, खुशाल म्हणजे नक्की किती? त्या म्हणाल्या, "तुमच्या स्वभावाला जमेल तितकं."

काकांनीही हौसेने तपासून घेतलं. त्यांची पण एकच सदोष. ते कागद घेऊन बाबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "म्हणजे मी कामचुकार नव्हतो?" बाबा म्हणाले, "तसं कागदावर लिहिलेलं नाही." पण काका त्या दिवसापासून छाती काढून चालतात.

आत्या ठाण मांडून आहे. बाबांचं दुखणं आपल्या माहेरच्या रक्तातलं, हे तिच्या पचनी पडत नाही. "आमच्या घराण्याची छाती बघायला लोक यायचे," म्हणते. आई म्हणते, "यायचे ना. तीच छाती आहे ही." मग दोघी एकमेकींना चहा देतात.

आता तुझ्या पत्राबद्दल. तू लिहिलंस, मला खोकला नाही, दम नाही, आणि रक्त वाईट निघालं तर इथले साहेब मला ज्योतीवरून उठवून खोकी भरायला बसवतील. "एका टेबलावरून मला उठवलंय. दुसऱ्यावरून उठणार नाही." पत्र सगळ्यांना वाचून दाखवताना हे वाक्य गाळायचं मी ठरवलं होतं. पण लिहिलेलं गाळून वाचायला मला जमत नाही. वाचून गेलो. बाबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. पुन्हा काढला.

मी तुझा प्रश्न डॉक्टरीणबाईंना विचारून आलो. तुझं नाव सांगितलं नाही, "एक बाई" म्हटलं. त्या म्हणाल्या, तुमच्या ताईंना सांगा, की निकाल त्यांच्या हातात मिळतो, साहेबांकडे जात नाही. दुसरं, ज्योत सोडायलाच लागेल असं नाही. खरे वैरी धूर आणि काचेची धूळ. धूर ओढून घेणारा पंखा डोक्यावर असेल आणि घासायचं काम लांब असेल, तर वर्षातून एकदा छाती तपासत काम करता येईल. तिसरं, दोन्ही प्रती सदोष असलेल्याने सिगारेट ओढणं म्हणजे आगीत तेल. कळलं तर सोडायला कारण मिळेल, नाही कळलं तर तुझी छाती त्या सिगारेटीतच जाईल. आजार झालाय का ते बघण्यासाठी ही तपासणी नाही, तो होऊ नये म्हणून आहे.

तुला आपल्या कामातलं सांगतो. भट्टीत नीट न निवलेली नळी दिसायला स्वच्छच असते. काचेत राहिलेला ताण बघायच्या भिंगाखाली धरली की रंगीत पट्टे दिसतात. ती फुटलेली नसते, आणि सांभाळून वापरली तर वर्षानुवर्षं फुटत नाही. पण पट्टे कुठे आहेत हे ठाऊक नसलं की माणूस नेमकी तिथेच ज्योत धरतो.

हे मी लिहीत असताना बाबा मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "तिला माझं लिही. मी तिला उठवलं ते माझ्या डोक्याने. रक्तात माझं डोकं नाही. तेव्हा माझ्यावरचा राग रक्तावर काढू नको म्हणावं."

मी विचारलं, "एवढंच?"

"एवढंच. आणि खाडाखोड करू नकोस."

केलेली नाही.

मोजपट्टी


३० मार्च

ताई,

तुझं जाड पाकीट आलं तेव्हा मी ते उघडेना. शेवटी काकांनी उघडलं, त्यांचे हात हल्ली फार धीट झाले आहेत.

दोन्ही प्रती सदोष.

कागद मी दोनदा वाचला, वर नाव तुझंच आहे ना ते बघितलं.

मग दुसरा कागद. तुझ्या फुंकण्याचा. मी तो खिडकीशी नेऊन बघितला. तू काही तिथे गालांनी फुंकणारी नाहीस, हे मी आधी मनाशी पक्कं केलं. रेघ माझ्याइतकीच उभी होती. किंचित माझ्याहून वरच. लगेच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा खाली घेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे. वडिलांचंच रक्त आणि ही छाती. कुठे काम करतात या?" मी सांगितलं, मोठ्या कारखान्यात, प्रत्येकीच्या डोक्यावर धूर खेचणारा पंखा, घासायचा विभाग वेगळ्या इमारतीत. त्या म्हणाल्या, नुसतं रक्त सगळं ठरवत नाही. तेच रक्त कोणत्या हवेत राहतं यावरही पुष्कळ असतं. सिगारेट तेवढी बंद, लशी वेळेवर, आणि दरवर्षी फुंकून जा.

बाबा सोबत होते. आपली खोली त्यांच्या डोळ्यांसमोर आली असणार, बंद दार, चक्की, आणि बर्नरवर पेटवलेली सिगारेट. त्यांनी विचारलं, "मी तिला आमच्यातच ठेवून घेतलं असतं तर?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असं छातीठोक सांगता येत नाही."

बाबा घरी येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बरं झालं गेली." आई तिथेच भाजी निवडत होती. ती म्हणाली, "हे तुम्ही तेव्हाही म्हणाला होतात. पण आज ऐकायला गोड लागलं." बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. थोड्या वेळाने तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तुला हे सांगायला हवं की नको ते मला ठरवता आलं नाही, म्हणून सांगितलं.

आईचं राहिलं. तुझ्या दोन प्रतींतली एक तिची, हे आत्याच्या लगेच लक्षात आलं. "बघ, निम्मं तुझ्याकडचं!" म्हणाली. मला वाटलं आता आई खचणार. आई म्हणाली, "एवढी वर्षं पोरीचे हात तुमच्याकडचे, फुंक तुमच्याकडची, नाक तुमच्याकडचं. चला, निदान काहीतरी माझं निघालं." आणि हसायला लागली. आत्यालाही हसू आवरेना. मग आईने डोळे पुसले आणि मला म्हणाली, तिला लिही की आईने दिलेलं आहे, तेव्हा जपून वापर म्हणावं.

सिगारेटचं पाकीट तू खिडकीतून फेकलंस असं लिहिलंस. खाली कुणी नव्हतं ना?

मोजपट्टी


२१ एप्रिल

ताई,

फोनवर तू आईशी बोललीस ते आम्ही सगळे ऐकत होतो, तिला माहीत होतं. बाबांना फोन देऊ केला तर म्हणाले, "मला बोलताना दम लागतो." आई म्हणाली, "मग हळू बोला. नाहीतरी ते कधी करून बघितलं नाहीत." ते हात झटकून खोलीत गेले आणि तिथून त्यांनी ओरडून मला सांगितलं, विचार तिला, तो धूर खेचणारा पंखा ज्योतीच्या किती वर असतो. तू माप सांगितलंस. ते मी लिहून घेतलं तरी त्यांनी दोनदा विचारलं.

बाबांना आता आणलेल्या औषधाच्या फवाऱ्याने बरं वाटतं. गेलेलं परत येणार नाही, पण आहे ते टिकवता येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते बर्नरपुढे बसत नाहीत. माझ्या मागे खुर्ची टाकून बसतात आणि माझे तिठ्याचे जोड बघून उसासे टाकतात. उसासा हल्ली पूर्ण टाकता येतो, हीच प्रगती.

चक्की अंगणात पत्र्याखाली हलवली, आता पाण्याची धार लावून घासतो. त्यानंतर काल बाबांनी गवंड्याला बोलावलं. पंख्याचं नळकांडं बाहेर काढायला भिंतीला भोक हवं. गवंडी म्हणाला, "किती बर्नरचा धूर जायचाय त्यावर भोक." बाबा म्हणाले, "तीन." त्याने टेबलाकडे बघितलं. "इथे तर दोनच आहेत, मालक."

"मी तीन म्हटलं ना?"

त्याने भोक पाडलं. बाबांनी हाताने अंदाज दाखवला होता, आणि बाबांचा अंदाज नेहमीसारखा मोठा. पलीकडच्या बोळात शिंप्याचं दुकान आहे, तो आता भोकातून मान घालून विचारतो, "काय, आली का?" त्याला कुणी काय सांगितलं मला माहीत नाही. मी सांगितलेलं नाही.

तिथलं काम सोडून ये, असं कुणी म्हणत नाही. तिथे तुझी छाती चांगली आहे, आणि ती तशीच राहावी असं सगळ्यांना वाटतं. पण पंखा घ्यायचा तर बरोबर माप पाहिजे. बाबांनी शिंप्याला आणि गवंड्याला दोघांनाही सांगून टाकलं आहे की माप घेणारी रविवारी येते. कोणत्या रविवारी ते सांगितलेलं नाही. दोघेही मला विचारतात.

तोपर्यंत काम बंद आहे. भोकातून असा वारा येतो की एकही ज्योत टिकत नाही. मी पेटवतो, ती विझते. काका, बाबा आणि आई अंगणात बाकावर चहा पीत बसले आहेत, आणि इतका खोळंबा होऊनही अजून कुणी कुरकुर केलेली नाही.

मोजपट्टी